मदत हवी आहे: भाच्याचं जी६पीडी (लाल रक्तपेशींले सांभाळणारं एन्झाइम) कमी निघालं, पोपटीच्या शेंगा चालतील का?

नमस्कार, ब्रह्मपुरीजवळच्या खेड्यातून लिहितोय. माझा भाचा साडेतीन वर्षांचा, जन्मला तेव्हा कावीळ लय वाढली म्हणून निळ्या लाइटखाली ठेवला होता, तेव्हा कोणी खोलात गेलं नाही. मागच्या महिन्यात ताप आला आणि लघवी एकदम कोऱ्या चहासारखी, डोळे पिवळे, रक्त चढवावं लागलं, तिथं जी६पीडी एन्झाइम कमी निघालं.

सुटी देताना कागदावर 'फावा बीन्स व शेंगवर्गीय बंद' एवढंच लिहून दिलं. हे फावा बीन्स म्हणजे आपल्याकडचं काय, कोणालेच माहीत नाही. आईनं भीतीपोटी तूर, चना, लाखोळी सगळंच बंद केलं, लेकरू महिन्यापासून वरणाशिवाय दूधभात खाते. त्यात धुऱ्यावर पोपटीच्या शेंगा भरल्या आहेत, उकडल्या की तो ताटली घेऊनच येते, नाही म्हणताना जीव तुटते.

मी वाचलं ते असं की फावा बीन्समध्ये विसिन, कॉनविसिन नावाची द्रव्यं असतात, पोटात त्याचं डायविसिन अन् आयसोयुरामिल होते, ते लाल पेशी जाळते, आपल्या पेशींत हे एन्झाइम पुरेसं असते म्हणून त्या सावरतात, याच्या फुटतात. मग पोपटीत पण विसिन असते का? कारल्याच्या बियांत असते म्हणतात, मग कारलं द्यायचं का नाही? अन् हा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो, पोराले तो आईकडूनच येतो, हे ऐकून ताई स्वतःलेच दोष देत बसली आहे, तिले काय सांगू?

प्रतिसाद: दादा, फावा बीन्स म्हणजे बाकला, हिंदीतही बाकलाच. जाड शेंग, चपटे मोठे दाणे. पोपटी वालाच्या जातीची, झाडच वेगळं, तूर-चना पण वेगळे. नक्की त्रास ठाऊक आहे तो बाकल्याचा. मिक्स नमकीनमध्ये तळलेला बाकला कधीकधी असतो, पाकीट वाचूनच द्या. कारल्याच्या बिया काढून टाका, बाकी डॉक्टरांना विचारा. पोपटीची शेंगच सोबत नेऊन दाखवा अन् वरणाचं लवकर विचारा, वाढतं लेकरू आहे. अन् एक बघा, त्याले त्रास झाला तेव्हा ताप होता न? इन्फेक्शननं पण पेशी फुटतात, म्हणून ताप आला की लघवीचा रंग बघत जा. मलेरिया निघाला तर प्रायमाक्विन गोळीच्या आधी हा रिपोर्ट दाखवायचाच, कपाटातल्या डांबरगोळ्या आजच फेका, या दोन्हींनी पण पेशी फुटू शकतात. ताईले सांगा, जीन कोणी निवडून देत नाही. तिच्या भावांनी, म्हणजे तुम्ही पण, टेस्ट करून घ्या.

धागाकर्ता: तुम्ही सांगितलं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. उद्याच शेंगा घेऊन जातो, माझी पण टेस्ट करतो.