मुरुड-आंजर्ले: वाडीत दोन रात्री, नुसता आराम

निवांत_शनिवार
दापोलीकडे नारळी-पोफळीच्या वाडीत शुक्रवार ते रविवार राहायचंय. आम्ही चौघं, त्यात आई-बाबा सत्तरीचे, बाबांचे गुडघे दुखरे. किल्ले, डॉल्फिन काही नको. पुण्याहून गाडीने. खोली घेताना काय विचारावं?

पाटाचं_पाणी
फोटोंवर जाऊ नका, फोन करा. खोली जुन्या घरात आहे की वाडीत नवी बांधलेली? जुन्या घराच्या ओटीच्या पायऱ्या उंच असतात, गुडघ्यांचा निकाल तिथेच लागतो. कमोड खोलीला लागून आहे का, हे वेगळं विचारा.

मुरुडला पुढे रस्ता, मग घर, मागे आगर (म्हणजेच नारळी-पोफळीची वाडी) आणि टोकाला समुद्र, अशी लांबट ठिकाणं असतात. आगरातल्या वाटेला शेजारून शिंपणाचा पाट. पाणी झिरपून जांभ्यावर शेवाळ धरतं, म्हणून गुळगुळीत तळाच्या स्लीपर नकोत. वीज गेली की इन्व्हर्टरवर बहुधा पंखा-दिवाच चालतो, एसी नाही.

गाडी माडाखाली लावू नका. नारळ सोडा, वाळकी झावळ पडली तरी काच जाते. झोपाळा आणणार असाल तर तो पोफळीला बांधू नका, बारीक खोड वाकतं. आंबा-फणस बघा, तेही मालकांना विचारून.

मेतकूट_भात
जेवणाचं आधी ठरवा. बरीच घरं फक्त शाकाहारी असतात, मासे खोलीवर आणलेलेही चालत नाहीत. उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगायचे. ऐनवेळी नारळ खवून, उकड काढून होत नाही. न्याहारीला मऊभात-मेतकूट मिळेल का विचारा. वयस्कांना रोजच्या पोह्यांपेक्षा बरा.

आणि खोली रविवारी दहाला सोडायची असेल तर आराम कसला? दुपारचं जेवण तिथेच घेऊन दोनला निघायची परवानगी आधीच मागा.

ओहोटी_भरती
शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघू नका, ताम्हिणी आणि मंडणगडची वळणं अंधारात येतात. दुपारी बाराच्या आत निघा, टाकी पौडपर्यंत भरून घ्या.

किनाऱ्यावर चालायचं तर तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, संध्याकाळी वाळू कमीच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी पाच-सहाला लांबवर कडक वाळू मिळते, गुडघ्यांना तीच बरी. भुसभुशीत वाळूत पाय रुततो.

निवांत_शनिवार
कृष्ण पक्षात पंधराच्या पुढे मोजायचं का?

ओहोटी_भरती
नाही, प्रतिपदेपासून परत एक. हिशेब अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरा.