छातीवर रेघा, पिवळा डोळा: शिक्रा, बेसरा की पावशा?

रानवाट
पुण्याजवळची टेकडी, डिसेंबर. बाभळीवर पारव्याएवढा पक्षी. पाठ तपकिरी, छातीवर तपकिरी रेघा, डोळा पिवळा, शेपटीला पट्टे. भोवती सातभाईंचा कल्ला. शिक्रा, बेसरा, पावशा अशी तीन उत्तरं मिळालीत. फोटो दोनच: बसलेला समोरून, उडताना खालून. काय बघू?

पीसपारखी
आधी पावशा बाद होतो का बघा, कारण तो शिकारी पक्षीच नाही, नुसता तसा दिसतो. त्याची चोच बारीक, टोकाला आकडी नसते. पायाची बोटं दोन पुढे, दोन मागे. शिक्र्याची तीन पुढे, एक मागे आणि नख्या वाकड्या. शिक्रा ताठ बसतो, पावशा बहुतेकदा आडवा, पंख सैल सोडून. सातभाईंच्या कल्ल्यावर जाऊ नका. पावशा त्यांच्याच घरट्यात अंडी घालतो, त्यालाही ते हाकलतात. हिवाळ्यात तो बहुधा गप्प असतो, त्यामुळे 'पेरते व्हा' ऐकू आलं नाही म्हणून तो नाही असंही नाही.

चोच आकडीदार निघाली तर गळा बघा. मधोमध उभी रेघ असते: शिक्र्याची बारीक, बेसऱ्याची जाड नि ठळक. मान वळलेली असेल तर ती झाकली जाते, आणि उन्हाविरुद्धच्या फोटोत काळोखात बुडते. सावल्या उजळून बघा.

मग शेपूट. बेसऱ्याचे गडद पट्टे मधल्या फिकट जागेइतके रुंद. शिक्र्याचे त्याहून अरुंद.

डोळ्याच्या रंगाचा इथे उपयोग नाही. लाल असता तर पूर्ण वाढलेला नर शिक्रा म्हटलं असतं. पिवळा डोळा शिक्र्याच्या पिल्लालाही असतो, बेसऱ्यालाही.

डोंगरकडा
चौथा उमेदवार राहिला. हिवाळ्यात युरेशियन स्पॅरोहॉक येतो. त्याच्या पिल्लाच्या छातीवर उभ्या रेघांऐवजी तुटक आडवे पट्टे असतात, गळ्यावर मधली रेघ नसते. उडतानाच्या फोटोत पंखाची 'बोटं', म्हणजे टोकाची सुटी दिसणारी पिसं, मोजा: स्पॅरोहॉकला सहा, शिक्रा आणि बेसरा दोघांना पाच. म्हणजे बोटांनी शिक्रा-बेसरा वेगळे होत नाहीत. पंख पूर्ण पसरलेला असेल तरच मोजा.

रानवाट
चोच आकडीदार. गळ्यावर बारीक रेघ, शेपटीचे पट्टे अरुंद, छातीच्या रेघा थेंबासारख्या. बोटं एका पंखाला पाच, दुसऱ्याला चार.

पीसपारखी
पाच धरा, दुसरा पंख तिरका असल्यानं एक बोट मागे लपलं असेल. शिक्राच, पहिल्या वर्षातला. मोठा झाला की थेंब जाऊन बारीक तांबूस आडव्या रेघा येतील, पाठ राखाडी होईल. उघड्या टेकडीवर बेसरा तसाही कमी. त्याला दाट झाडी लागते. पण जागेवरून कधी नाव देऊ नये, ते शेवटी जुळवून बघायला. नर-मादी मात्र लिहू नका. मादी मोठी असते, पण शेजारी दुसरा शिक्रा नसताना ते फोटोत कळायचं नाही.