जव्हारच्या पाड्यावर जानेवारीत वृक्षारोपण करावे का?

प्रश्न (निसर्ग मंडळाची विद्यार्थी समन्वयक, मुंबई)

आमच्या महाविद्यालयाच्या निसर्ग मंडळातील 40 विद्यार्थी जानेवारीत दोन दिवसांसाठी जव्हार तालुक्यातील एका पाड्यावर जाणार आहेत. 500 रोपे लावावीत, जुने कपडे वाटावेत आणि प्लास्टिकच्या वापराविषयी पथनाट्य करावे, असा बेत आहे. रोपवाटिकेशी बोलणे झाले आहे, पाड्यावरील लोकांशी मात्र अद्याप झालेले नाही. आमच्या एका प्राध्यापकांनी कार्यक्रमपत्रिका वाचून ‘रोपांना पाणी कोण घालणार?’ एवढेच विचारले आणि आम्ही निरुत्तर झालो. या बेतात काय बदल करावा?

उत्तर 1 (जव्हार तालुक्यातील रहिवासी)

तुमच्या प्राध्यापकांचा प्रश्न अगदी मोक्याचा आहे. आमच्याकडे पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, परंतु उतार तीव्र आणि खाली काळा कातळ असल्यामुळे ते पाणी थांबत नाही, आणि होळीनंतर बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी साचलेल्या पाण्यासाठी रांग लावतात. अशा ठिकाणी जानेवारीत लावलेले रोप जगवायचे, तर कुणीतरी त्याच हंड्यातले पाणी त्याला घातले पाहिजे. आमच्या पाड्यामागच्या माळावर पूर्वी एका गटाने असेच वृक्षारोपण केले होते. आज तेथे खड्डे आहेत आणि काही खड्ड्यांत रोपांच्या काळ्या पिशव्या तशाच आहेत.

दुसरी गोष्ट अशी की, जानेवारीत पाड्यावर तुम्हाला भेटणार तरी कोण? भाताची कापणी-झोडणी उरकली आणि दिवाळी झाली की अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. मागे म्हातारी माणसे आणि काही मुले उरतात. पथनाट्य त्यांच्यापुढे करणार असाल, तर माझे काही म्हणणे नाही. (प्लास्टिकचा कचरा आमच्यापेक्षा शहरात अधिक होतो, हे मात्र नमूद करतो.)

खरोखर उपयोगी पडायचे असेल, तर कापणी उरकल्यानंतर आणि माणसे स्थलांतरित होण्यापूर्वी, ओढ्याला धार असतानाच या आणि वनराई बंधारा, म्हणजे माती-वाळूने भरलेल्या गोणी रचून केलेला तात्पुरता बांध, घाला. त्याने अडवलेल्या पाण्यावर गुरांची सोय होते, कपडे धुता येतात आणि ज्यांनी मोगरा लावला आहे त्यांना आणखी काही आठवडे पाणी मिळते.

उत्तर 2 (राष्ट्रीय सेवा योजनेचा माजी कार्यक्रम अधिकारी)

वरील मताशी सहमत आहे. सेवा योजनेत स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास काम करून दत्तक गावात 7 दिवसांचे शिबिर करायचे असते, आणि माझ्या अनुभवात त्या शिबिराचे यश त्याआधीच्या तीन-चार भेटींवर ठरत असे. प्रथम दोघा-तिघांनीच जावे व ग्रामसभेत बसून बंधारा कुठे हवा, हे गावालाच विचारावे. ओढा वनहद्दीत असल्यास वन विभागाची परवानगी आधी घ्यावी, नाहीतर भरलेल्या गोणी काठावरच पडून राहतील.

बांधणीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण चुका येथेच होतात. रिकाम्या सिमेंटच्या गोणी बांधकामांवर मिळतात. 8 मीटर रुंद आणि 1 मीटर उंच बंधाऱ्याला अंदाजे 300 ते 350 गोणी लागतात. पात्रातील वाळू-गाळ काढून टणक तळ उघडा करावा, गोणी पाऊण भरून तोंड शिवावे आणि विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधे चुकवून थर रचावेत. थरांमध्ये व फटींमध्ये चिकणमाती चेपावी. पाया रुंद आणि माथा अरुंद हवा. पाऊण भरलेली गोणीसुद्धा 40 किलोच्या आसपास भरते, त्यामुळे मुलांनी साखळी करून ती हातोहात पुढे द्यावी. पहिल्या वर्षी आमच्या मुलांनी गोण्या ठासून भरल्या होत्या. त्या एकमेकींवर बसेनात आणि रात्रीत निम्मे पाणी फटींतून निघून गेले.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. जानेवारीचा बेत रद्द केला असून पुढील पंधरवड्यात आम्ही तिघे पाड्यावर भेटीसाठी येऊ. एक शंका आहे: त्या गोणी प्लास्टिकच्याच असतात ना? मग पुढे त्यांचे काय होते?

उत्तर 1 (पुन्हा)

उन्हाने त्या काही महिन्यांत विरतात आणि त्यांच्या चिंध्या ओढ्याने खाली जातात. म्हणून मे महिन्यात, पाऊस येण्यापूर्वी, पुन्हा एकदा येऊन माती काठावर रिकामी करावी आणि गोणी शहरात परत न्याव्यात. बंधारा घालायला सगळे येतात, काढायला कुणी येत नाही. तुमचे निसर्ग मंडळ आहे, तेव्हा हे काम तुम्ही अंगावर घ्यावे. मे महिन्यात वीटभट्टीवरून परतलेली माणसेही हाताशी असतील, आणि रोपे लावायचीच असतील तर ती कोणती आणि कुणाच्या बांधावर, हे त्यांच्याशी तेव्हाच ठरवता येईल. जुने कपडे आणू नयेत. जेवण पाड्यावरच्या बचत गटाकडून घ्यावे व त्याचे पैसे द्यावेत. सुतळी आणि दाभण मात्र भरपूर आणा, ते आमच्याकडे ऐनवेळी कधीच सापडत नाही.