पूजेची डाळ नक्की कुणाची?

सोसायटीचा ग्रुप, शुक्रवार

शुभदा केरकर, ब-२०४: नमस्कार. रविवारच्या सत्यनारायणाचं सामान आणलं. रवा, साखर, तूप, गूळ, चणाडाळ आणि जेवणासाठी आठ किलो तूर डाळ. तूप नेहमीचंच. पण डाळ, साखर, रवा यंदा सुपरमार्केटच्या स्वतःच्या ब्रँडचं घेतलं. बिल वर टाकलंय. गेल्या वर्षीपेक्षा ६४० रुपये वाचले.

सुधाकर कामत (चेअरमन): उत्तम. पैसे मंडप खात्यात वळवू.

नाईक वहिनी, अ-१०१: शुभदा, रागावू नकोस हं. पण देवाच्या कामाला दुकानाच्या नावाचं पाकीट? ती डाळ मी एकदा आणली होती. सात शिट्ट्या झाल्या तरी दाणा न दाणा मोकळा. खतखत्यात, म्हणजे आपल्या मिसळीच्या भाजीत, घातली तर खाली खडे, वर पाणी. पाव्हण्यांसमोर लाज गेली माझी.

शुभदा केरकर: वहिनी, आमच्याकडे तीच डाळ तीन महिने चाललीय. चार शिट्ट्यांत मेण होते.

नाईक वहिनी: मग माझा कुकर खोटा बोलतो म्हणायचं.

रोहन शिरोडकर, क-३०३: काकू, टेन्शन नका घेऊ. दुकानांचा स्वतःचा कारखाना नसतोच. सगळं मोठ्या कंपन्याच बनवतात, फक्त लेबल बदलतात. आत माल सेम टू सेम. मी रील बघितलंय.

प्रभुदेसाई सर, ब-१०२: रोहन, रीलमध्ये अर्धं खरं सांगतात. म्हणून तर रील चालतं.

प्रभुदेसाई सर: कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत सव्वीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली आहेत, म्हणून लिहितो. लांब होईल, चहा घेऊन बसा. आमच्याकडे बिस्किटाची एकच लाईन. पहिल्या पाळीला एका नामांकित कंपनीचा माल, दुसऱ्या पाळीला एका सुपरमार्केटचा. भट्टी तीच, बेल्ट तोच, पोरं तीच. रॅपरचा रोल बदलायला वीस मिनिटं. पण रोल बदलायच्या आधी बदलायचा तो मिक्सरजवळ टांगलेला कागद, फॉर्म्युला शीट. एका पार्टीला दूध पावडर जास्त, दुसरीला कमी. एकीचा काजू तुकडा ठरलेल्या मापाचा, दुसरीला काजूची नुसती चव चालायची. जी पार्टी जेवढे पैसे देईल तेवढं बिस्किट. कारखाना एक म्हणजे माल एक, असं नाही होत.

सुधाकर कामत: म्हणजे कारखानदाराला दोन्हीकडून काम. पण मोठी कंपनी चालवून घेते? आपल्याच लाईनवर दुसऱ्याचा माल?

प्रभुदेसाई सर: लाईन तिची असेल तर नाही घेणार. पण पुष्कळ मोठ्या ब्रँडांच्याही लाईनी त्यांच्या नसतात. तेही दुसऱ्याकडून करून घेतात. याला आमच्याकडे थर्ड पार्टी म्हणायचे. लांब कशाला, उसगावची हिंदुस्थान फूड्स घ्या. १९८४ साली डेंपो समूहाने ग्लॅक्सोबरोबर काढलेली कंपनी, २०१३ पासून व्हॅनिटी केस समूहाकडे. दुसऱ्यांच्या ब्रँडांचा माल बनवून देणं हाच तिचा व्यवसाय. आपल्या फोंडा तालुक्यात हे चाळीस वर्षं चाललंय आणि आपण विचारतो सुपरमार्केटला कोण बनवून देतं.

कामत वहिनी: औषधांचं पण असंच असतं ना? माझ्या बीपीच्या गोळीवर कंपनी एक आणि खाली बारीक अक्षरात दुसऱ्याच कुणाचं तरी नाव, वेर्णाचा पत्ता.

प्रभुदेसाई सर: अगदी तेच. 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' आणि 'मार्केटेड बाय' या दोन ओळी वाचायच्या. खाण्याच्या पाकिटावर तिसरी ओळ असू शकते, 'पॅक्ड बाय'. डाळीच्या बाबतीत ती सगळ्यात महत्त्वाची.

गावकर भाऊ, क-००१: आता मी बोलू का? चौतीस वर्षं तिस्कावर किराणा चालवला. डाळ कोण 'बनवत' नाही हो सर. डाळ मिलमध्ये भरडतात. लातूर, अकोला, कलबुर्गी. गुलबर्ग्याच्या तूर डाळीला तर २०१९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. आणि आपली तूर कमी पडली की मोझांबिकची येते, म्यानमारची येते. पोतं आमच्याकडे पन्नास किलोचं यायचं. आम्ही सुपात घोळून मोकळी विकायचो. आता तेच पोतं पॅकरकडे जातं, तो एक किलोच्या पिशव्या भरतो. पिशवीवर कुणाचं नाव छापायचं ते ऑर्डर देणारा ठरवतो.

गावकर भाऊ: पण पोत्यापोत्यात फरक असतो. सगळ्यात वर फटका, मग सवा नंबर, त्याखाली कणीचा म्हणजे तुकड्यांचा माल. भाव वेगळा. शुभदाबाय, तुझ्या पाकिटात कणी किती आहे ते बघ. त्यावरून मी सांगतो कुठला नंबर.

शुभदा केरकर: बघते भाऊ. संध्याकाळी ताटात ओतते.

रोहन शिरोडकर: पण मग स्वस्त कसं पडतं? काहीतरी तर कापत असतीलच ना.

गावकर भाऊ: अरे कापतात ती मधली माणसं. कंपनीचा माल आला की सीअँडएफ, म्हणजे माल साठवून पुढे पाठवणारा एजंट, मग डिस्ट्रिब्युटर, मग सेल्समन, मग मी. प्रत्येकाचे टक्के. शिवाय टीव्हीवर हिरोईन पाकीट हातात धरून हसते तिचे पैसे. दुकानाच्या ब्रँडला हे काही नाही. कपाटही त्यांचंच, त्यामुळे डोळ्याच्या उंचीवर कोण बसणार तेही तेच ठरवतात. माझ्यासारख्याचं दुकान बंद पडलं ते काय उगाच.

सुधाकर कामत: भाऊ, तुमचं दुकान मुलगा दुबईला गेला म्हणून बंद झालं.

गावकर भाऊ: दोन्ही कारणं धरा.

नाईक वहिनी: पण दुकानाचा ब्रँड ओळखायचा कसा? प्रत्येकावर दुकानाचं नाव थोडंच असतं?

शुभदा केरकर: नसतंच! गुड लाइफ, स्नॅक टॅक, एन्झो हे सगळं रिलायन्सचं. बीबी रॉयल बिगबास्केटचं. ॲमेझॉनचं वेदाका. मला स्वतःला दोन वर्षं वाटत होतं गुड लाइफ ही वेगळी कंपनी आहे.

कामत वहिनी: अगो बाई. माझ्या मशीनला एन्झोच चालतं.

प्रभुदेसाई सर: आणि काही दुकानवाल्यांची भरण्याची कंपनीसुद्धा घरचीच असते. डीमार्ट चालवणाऱ्या अव्हेन्यू सुपरमार्ट्सची अलाइन रिटेल ट्रेड्स नावाची उपकंपनी आहे. तिचं कामच किराणा भरून विकणं. म्हणजे रोहन, 'दुकानांचं स्वतःचं काही नसतंच' हेही धरून चालू नको.

राजेश (वॉचमन): साहेब, क विंगच्या गेटसमोर कुणाची पांढरी स्विफ्ट आहे. गॅसची गाडी अडलीय.

रोहन शिरोडकर: माझी. आलो.

सुधाकर कामत: सर, मी आत्ता भिंग घेऊन साखरेचं पाकीट वाचतोय. चौदा आकडी नंबर आहे. याचा काही उपयोग?

प्रभुदेसाई सर: फार उपयोग. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा लायसन नंबर. पहिला आकडा १ म्हणजे लायसन, २ म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे. १०६ ने सुरू झाला तर गोवा, ११५ महाराष्ट्र, ११२ कर्नाटक, १०७ गुजरात. १०० असेल तर केंद्राचं लायसन. पाकिटावर दोन नंबर असतील तर एक विकणाऱ्याचा, दुसरा बनवणाऱ्याचा किंवा भरणाऱ्याचा. त्यांच्या फॉसकॉस या लायसनच्या साइटवर नंबर टाकला की लायसन कुणाच्या नावाचं ते कळतं.

सुधाकर कामत: ११२!! बेळगाव!! पत्ता पण खाली आहे. कमाल झाली, इतकी वर्षं मी फक्त एमआरपी बघत होतो.

तन्वी देसाई, अ-३०२ (सध्या हॅनोव्हर, जर्मनी): मी आत्ता ऑफिसला पोचले, ७४ मेसेज! इथेही अगदी हेच चालतं. आल्डी या स्वस्त सुपरमार्केटच्या दुधावर लंबगोल शिक्का असतो. देश, राज्य आणि डेअरीचा नंबर. महागड्या ब्रँडच्या दह्यावर कधीकधी तोच नंबर सापडतो. लोक तो शोधत बसतात, छंदच आहे. आणि श्टिफ्टुंग वारेनटेस्ट म्हणून एक संस्था आहे, १९६४ पासूनची, ती दुकानातून स्वतः माल विकत आणून तपासते. त्यात दुकानांचे ब्रँड कितीदा तरी नामांकितांच्या बरोबरीला येतात. कधी मागेही पडतात. माझी घरमालकीण तो अंक वाचल्याशिवाय टूथपेस्टसुद्धा घेत नाही.

प्रभुदेसाई सर: आम्हाला ट्रेनिंगमध्ये अमेरिकेतलं एक उदाहरण द्यायचे. २००७ साली शेंगदाण्याच्या बटरमध्ये साल्मोनेला हा विषबाधेचा जंतू सापडला. पीटर पॅन हा नामांकित ब्रँड आणि वॉलमार्टचा स्वस्त ग्रेट व्हॅल्यू, दोन्ही परत मागवले. झाकणावर २१११ हा कोड असलेल्या बरण्या. दोन्ही कॉनआग्रा कंपनीच्या जॉर्जियातल्या एकाच कारखान्यातल्या. त्याच वर्षी मेनू फूड्स नावाच्या कंपनीचं कुत्र्यामांजरांचं खाणं परत मागवलं, तेव्हा शंभरच्या आसपास ब्रँडांचे डबे तिथेच भरले जातात हे लोकांना कळलं. पडदा उघडतो तो असा, काही बिघडलं की.

नाईक वहिनी: सर, पूजेच्या आधी विषबाधा कशाला.

रोहन शिरोडकर: गाडी काढली. सॉरी राजेश. आणि सर, तुम्ही जिंकलात. आमच्या फ्रिजमध्ये दोन केचप आहेत. एक मम्मीचं, जाहिरातवालं. एक मी सुपरमार्केटमधून स्वस्तात आणलेलं. दोन्हीवर बनवणाऱ्याचा पत्ता एकच, पुणे जिल्ह्यातला. आता घटक वाचतो. मम्मीचं: टोमॅटो पेस्ट, पाणी, साखर. माझं: पाणी, साखर, टोमॅटो पेस्ट, मग स्टार्च.

प्रभुदेसाई सर: घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. म्हणजे तू टोमॅटो घातलेला साखरेचा पाक खातोयस. भट्टी एक, कागद दोन.

रोहन शिरोडकर: फ्राइजबरोबर चांगला लागतो पण.

कामत वहिनी: आणि साबण? त्याच्यावर कुठे टोमॅटो लिहिलेला असतो.

प्रभुदेसाई सर: साबणावर टीएफएम बघा वहिनी, म्हणजे त्यातलं एकूण स्निग्धांशाचं प्रमाण. टॉयलेट सोप ग्रेड १ ला किमान ७६ टक्के, ग्रेड २ ला ७०, ग्रेड ३ ला ६०. 'बेदिंग बार' लिहिलं असेल तर त्याहून कमी चालतं. दुकानाचा ७६ वाला नामांकित ७० वाल्यापेक्षा वरचढ. मिठाचं तर बघूच नका, आयोडिन कायद्याने दोघांनाही सारखंच लागतं.

शनिवार

शुभदा केरकर: भाऊ, डाळ ताटात ओतली. दुकानाच्या एक किलोत पाऊण मूठ कणी आणि साली. शेजारच्या देसाईंकडून नामांकित ब्रँडची आणली, त्यात अक्षरशः चिमूटभर. दाणा थोडा मोठा आणि सारखा. किलोमागे ३१ रुपयांचा फरक.

गावकर भाऊ: मग बरोबर. ती सवा नंबर असेल, तुझी त्याखालची. निवडायला पाच मिनिटं जास्त. खायला वाईट नाही.

नाईक वहिनी: आणि न शिजण्याचं काय?

शुभदा केरकर: वहिनी, त्याचाच प्रयोग केलाय, रात्री झोप लागेना म्हणून. तुमचं अ विंग ना? तुमच्या टाकीत संध्याकाळी बोअरचं पाणी सोडतात. आमच्या ब विंगला फक्त ओपाचं, म्हणजे सरकारी नळाचं. म्हणून काल तुमच्या सूनबाईकडून एक बाटली पाणी मागून आणलं. एकाच कुकरमध्ये तीन डबे. खालच्यात दुकानाची डाळ, ओपाचं पाणी. मधल्यात तीच डाळ, बोअरचं पाणी. वरच्यात नामांकित डाळ, ओपाचं पाणी. अर्धा तास भिजवून चार शिट्ट्या.

रोहन शिरोडकर: ताई तुम्ही नोबेलवाल्या आहात.

शुभदा केरकर: खालचा आणि वरचा डबा, दोन्ही पळीने नुसतं हलवलं तर एकजीव. वरची जरा जास्त पिवळी, बास. मधल्या डब्यात दाणे उभे. चमच्याने दाबले तर आत पांढरा ठिपका.

प्रभुदेसाई सर: जड पाणी. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम दाण्याला बांधून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, मग कितीही शिट्ट्या काढा. डाळ जुनी असली तरी असंच होतं, पण इथे डाळ एकच होती.

नाईक वहिनी: ...

नाईक वहिनी: म्हणजे सहा महिने मी त्या दुकानाला शिव्या घातल्या त्या आपल्या बोअरला लागू होत्या.

सुधाकर कामत: बोअरला नको वहिनी, त्याचा ठराव मीच मांडला होता.

नाईक वहिनी: तरीही शुभदा, एक सांगते. रव्याचं पाकीट मला आणून दे. शिऱ्याचा रवा मी चाळल्याशिवाय भाजणार नाही, मग तो कुणाच्याही कारखान्यातला असो.

शुभदा केरकर: दहा मिनिटांत आणते. साखर पण चाळायची का?

नाईक वहिनी: साखरेला काय धाड भरलीय. ती असू दे.

सुधाकर कामत: सर्वांसाठी सूचना: उद्या जेवणाची डाळ ब विंगच्या खालच्या नळाच्या पाण्यात शिजेल. राजेश, आज संध्याकाळी अ विंगचा बोअरचा व्हॉल्व्ह उघडू नये. आणि आचाऱ्याला पाण्याचं सांगायची जबाबदारी कोण घेतंय?

राजेश (वॉचमन): साहेब व्हॉल्व्ह सकाळीच उघडलाय.