मदत हवी आहे: प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरही मूत्राशय ताठरच

बाबा ७१ वर्षांचे, आम्ही खानापूरकडचे. प्रोस्टेटमुळे कैक वर्षं लघवी अडायची. बेळगावात दुर्बिणीतून ऑपरेशन होऊन ५ महिने झाले. धार सुधारली, पण तासातासाला जावंच लागतं.

युरोडायनॅमिक चाचणीत (मूत्राशय भरत आतला दाब मोजतात) २०० मिली भरताना आतला दाब २० सेंमी पाण्याइतका वाढला, म्हणजे लवचिकता १० मिली दर सेंमीला. डॉक्टर म्हणाले, अडथळ्याशी झुंजून स्नायू जाड झाला, त्यात कोलॅजन साठलं. फुग्याचं चामडं झालं. (उपमा पटली, बातमी नाही.)

मधुमेह, संसर्ग नाही. सोनोग्राफीत किडन्या ठीक. मूत्राशय सैल करणारं औषध मिराबेग्रॉन ६ आठवडे घेतलं, फरक किंचित.

कुणाच्या घरी ऑपरेशननंतर ही चाचणी पुन्हा केली आहे का? लवचिकतेचा आकडा सुधारला का, आणि किती महिन्यांनी?