अनुभव धागा: रोजचा व्यायाम टिकला, तो कुणामुळे?

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं हा धागा काढायचं, आज काढतेय. व्यायाम कोणता करावा, किती करावा यावर सगळीकडे भरपूर लिहिलेलं असतं. मला विचारायचंय ते वेगळं. तुमचा व्यायाम कुणामुळे टिकला? नवरा, बायको, मैत्रीण, शेजारी, ऑफिसातलं कुणी, कुणीही. आणि ती व्यक्ती नेमकं काय बोलायची किंवा काय करायची? ते सविस्तर लिहा, कारण नुसतं "मैत्रिणींचा सपोर्ट होता" एवढं वाचून दुसऱ्याच्या हाती काही लागत नाही.

सुरुवात माझ्यापासून. आम्ही कॉलेजपासूनच्या पाच मैत्रिणी, आता पाच गावांत. दोन वर्षांपूर्वी रथसप्तमीला ठरवलं की रोज 12 सूर्यनमस्कार घालायचे, जास्त नाही, कमी नाही, आणि झाले की ग्रुपवर एकच शब्द टाकायचा, "झाले". फोटो नाही, वजनाचे आकडे नाहीत. राहिले तर दुसरीने "का नाही घातलेस" असं विचारायचं नाही, फक्त "उद्या" लिहायचं. हा नियम एकीने सहज सुचवला होता पण आमचा ग्रुप त्याच्यावरच उभा आहे असं मला आता वाटतं, कारण एक दिवस बुडला की दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायची लाज वाटते आणि त्या लाजेपायीच आधी माझे तीन वेळा व्यायाम सुटले होते.

मागच्या वर्षी माझी आई गेली. त्या आधीचे हॉस्पिटलचे दिवस आणि नंतरचे दिवस धरून 23 दिवस मी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही, उघडलासुद्धा नाही. चोविसाव्या दिवशी रात्री उघडला तर रोज सकाळी एकीचा मेसेज होता, "माझे झाले. तुझेही 12 घातले." 23 दिवस ती 24 नमस्कार घालत होती, 12 स्वतःचे आणि 12 माझ्या नावाचे. मला एकही फोन करून "आता सुरू कर" म्हणाली नव्हती. मी दुसऱ्या दिवशी पहाटे सतरंजी टाकली. पाचव्या नमस्काराला इतकी दमले की भुजंगासनातच पडून राहिले आणि रडले खूप, पण 12 पूर्ण केले आणि लिहिलं, "झाले". तिने उत्तर दिलं, "बरं झालं गं, माझे खांदे भरून आले होते."

आता तुम्ही लिहा.

सात पंधराची फास्ट
तुमचा अनुभव वाचून गलबलून आलं ताई.
माझा साधा आहे. डोंबिवलीहून रोज लोकल, ऑफिस लोअर परळला. शुगर बॉर्डरवर आली तेव्हा डॉक्टर म्हणाले चाला. पण सकाळी सव्वासातची गाडी आणि घरी यायला रात्रीचे साडेआठ, चालू कधी? आमच्या डब्यात एक मित्र आहे, गाडीतलीच ओळख, तो म्हणाला दादरला उतरू आणि तिथनं चालत जाऊ, तीनेक किलोमीटर तर आहे. पहिल्या आठवड्यात घामाने शर्ट भिजायचा म्हणून मी टाळायला लागलो तर दुसऱ्या दिवशी तो बॅगेत दोन टॉवेल घेऊन आला, एक माझ्यासाठी. त्याच्यानंतर नाही म्हणायला तोंडच राहिलं नाही.
पावसाळ्यात रस्त्यावर पाणी असलं की आम्ही प्लॅटफॉर्मच्याच या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचो, गर्दी ओसरल्यावर. गेल्या जूनमध्ये त्याची बदली झाली नाशिकला. मला वाटलं संपलं. पण अजूनही सव्वाआठला त्याचा फोन येतो, "उतरलास का?" मी दादरला उतरतो, तो तिकडे गंगापूर रोडला चालत असतो, दोघंही कानात हेडफोन घालून. कधी कधी दहा-दहा मिनिटं कुणी काही बोलत नाही, नुसता एकमेकांच्या धापांचा आवाज. पण फोन ठेवत नाही कुणी.

आतकरवाडी
सिंहगड. दर रविवारी पहाटे, आतकरवाडीच्या वाटेने. मी 53 वर्षांची आहे आणि पहिल्यांदा चढले तेव्हा वर पोचायला मला दोन तास दहा मिनिटं लागली, आमच्या ग्रुपमधले सराईत लोक तासाभरात जातात. मला सगळ्यात भीती होती ती मागे एकटं राहण्याची. तर त्या दिवशी ग्रुपमधला एक मुलगा, माझ्या मुलाच्या वयाचा, सबंध वाट माझ्या मागे चालला. पुढे नाही, शेजारी नाही, मागे. मी थांबले की तोही थांबायचा, झाडाकडे बघत उभा राहायचा म्हणजे मला अवघडल्यासारखं नको. एकदाच बोलला, "काकू, मगाशी त्या वळणापाशी तुम्ही तीनदा थांबला होतात, या चढाला एकदाच थांबलात." माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं! बाकीचे सगळे "आलंच, आलंच, थोडंच राहिलं" म्हणत होते आणि ते खोटं असतं हे गड चढणाऱ्या प्रत्येकाला माहिती आहे. त्याने खरं काय झालं ते सांगितलं.
आता मला दीड तास लागतो. निम्म्या वाटेवर लिंबू सरबत विकणाऱ्या एक मावशी आहेत, त्या ओळखायला लागल्यात. मागच्या महिन्यात मला बघून म्हणाल्या, "आज लवकर आलासा की." त्या एका वाक्यावर मी उरलेला चढ न थांबता चढले, आणि वर जाऊन मडक्यातलं दही खाल्लं.

मोजून मापून
थोडं वेगळं लिहितो. उत्तेजनाने माझं नुकसानसुद्धा झालंय.
ऑफिसात आम्ही बाराजणांनी पावलांची स्पर्धा लावली होती, रोज 10,000, आणि रात्री अॅपवर कोण पुढे ते सगळ्यांना दिसायचं. सगळे खूप प्रेमाने बोलायचे, "चल यार, अजून दोन हजार, तू करशील" वगैरे. मी रात्री साडेअकराला सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारायचो. पोटरीच्या पुढचं हाड दुखत होतं तरी मारायचो कारण शेवटून पहिलं यायचं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात पाय टेकवेना. दीड महिना सक्तीची विश्रांती.
त्या दीड महिन्यात वाचलं की हा 10,000 चा आकडा कुठल्या डॉक्टरांच्या अभ्यासातून आलेलाच नाही. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये चालण्याचं वेड आलं, 1965 मध्ये एका जपानी कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नावच मानपो-केई म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. विकायला सोपा, लक्षात राहणारा आकडा. जागतिक आरोग्य संघटना तर पावलं सांगतच नाही, ती मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, जमेल तसा वाटून. हे मी ग्रुपवर टाकलं, आणि खरं सांगायचं तर मला वाटलं होतं लोक म्हणतील हा बहाणे सांगतोय. पण आमच्या टीममधली एक मुलगी म्हणाली की मलाही रोज रात्री भीती वाटायची फोन बघायची. मग आम्ही नंबर दिसणं बंद केलं. आता प्रत्येकाचा आकडा वेगळा, माझा 6,000 आहे, तिचा 4,500, आणि आपापला झाला की हिरवा ठिपका टाकायचा. आठ महिने झाले, बारातले नऊजण अजून आहेत. मला एवढंच म्हणायचंय की "अजून कर" हे प्रत्येक वेळी प्रोत्साहन नसतं, "आजच्यापुरतं झालं, जा झोप" हेही कुणीतरी म्हणायला पाहिजे.

लाल माती
कोल्हापूर. शाळेत असताना तालमीत जायचो. तालमीत एक पद्धत होती ती मी पुढं कुठल्याच जिममध्ये बघितली नाही. आपल्या बैठका आपण मोजायच्या नाहीत, जोडीदारानं मोजायच्या. तू मारायच्या, मी मोजणार. मग मी मारणार, तू मोजायच्या. स्वतः मोजायला लागलं की साठाव्या बैठकीला डोक्यात हिशोब सुरू होतो अजून चाळीस राहिल्या, आणि पाय तिथंच जड होतात. दुसरा मोजत असला की तुमचं काम फक्त खाली-वर. वस्ताद फिरत फिरत यायचे, पाठीवर थाप, "शाब्बास पठ्ठ्या", बास. पण ती थाप कधी पडायची? शंभर पूर्ण झाल्यावर नाही. मध्ये, सत्तर-ऐंशीच्या दरम्यान, जेव्हा मांड्या थरथरायला लागतात त्याच वेळी. त्यांना बरोबर कळायचं. त्या मातीचा वास, हळद, ताक, लिंबू, तेल सगळं मुरलेलं असतं त्यात, अजून नाकात आहे.
मध्ये वीस वर्षं नोकरीपायी काहीच केलं नाही. आता 46 चा आहे. मुलगा नववीत. गेल्या दिवाळीपासनं रोज सकाळी सव्वासहाला गच्चीवर आम्ही दोघं, माझ्या तो मोजतो, त्याच्या मी. 30 पासनं सुरू केलं, आता 80 वर आलोय. परवा माझे पाय थरथरले 65 ला, तर पोरानं मोजता मोजता येऊन पाठीवर थाप मारली. त्याला मी वस्तादांचं कधी सांगितलं नव्हतं.

बर्फातली ताई
टोरांटोहून. इथे डिसेंबरात साडेचारच्या पुढे अंधार पडतो, बाहेर उणे दहा-पंधरा, आणि एकटेपणाने माणूस सोफ्यावरून उठत नाही. माझी वहिनी नाशिकला. तिची सकाळ म्हणजे माझी आदल्या दिवसाची संध्याकाळ, तिचे सहा वाजतात तेव्हा माझे साडेसात. व्हिडिओ लावून दोघी योगासनं करतो, तिचा चहा व्हायचा असतो आणि माझं जेवण. इथली घड्याळं मार्च आणि नोव्हेंबरात तासाने सरकतात तेव्हा ती कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवते, "ताईंचे आजपासून साडेआठ." मागे तिच्या खिडकीतून कोकिळा ऐकू येते. माझ्यासाठी व्यायामाइतकंच तेही असतं.

प्रभातफेरीवाले काका
मी नागपूरचा, वय 71. आमचा सहा जणांचा ग्रुप अंबाझरीला फिरतो. मे महिन्यात इथे पारा 45 च्या घरात जातो त्यामुळे उन्हाळ्यात पाचलाच निघावं लागतं. पत्नी गेल्यावर मी जाणं सोडलं होतं. फोन उचलत नसे. तर हे पाचही जण एका सकाळी माझ्या फाटकापाशी येऊन उभे राहिले. बेल वाजवली नाही, हाका नाहीत, नुसते गप्पा मारत उभे. मला खिडकीतून दिसत होते. पहिल्या दिवशी मी गेलो नाही. ते पंधरा मिनिटं थांबून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी मी पायात बूट घातले. एकजण एवढंच म्हणाला, "आलास? चाल." वहिनींबद्दल कुणी काही विचारलं नाही, ते मीच बोललो, पंधरवड्याने, बाकावर बसल्यावर.
एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) 8.6 होतं ते 7.1 झालं आहे, गोळ्या चालू आहेतच, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुणी बंद करू नका.

नवी आई
सिझेरियननंतर डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पण माझं घराबाहेर पडणं होत नव्हतं. बाळ झोपलं की वाटायचं आपणही झोपावं. समोरच्या फ्लॅटमधली मैत्रीण म्हणाली, व्यायाम राहू दे, फक्त बूट घालून दारात ये. मी आले की ती तिच्या दारातून टाळ्या वाजवायची, खऱ्याखुऱ्या. पहिले चार दिवस तेवढंच. मग लिफ्टपर्यंत. मग खाली. आता 20 मिनिटं होतात आणि तेवढा वेळ बाळ तिच्याकडे असतं. एवढंच लिहिते, उठलंय ते.

माऊली
वारीचं कुणी लिहिलं नाही म्हणून. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, मी चैत्रापासून सराव करते. पण सराव एकटीचा आणि वारी सगळ्यांची, फार फरक पडतो. दिवे घाटात मागच्या वर्षी माझ्या टाचेला फोड आला, बाजूला बसले तर परभणीकडच्या एक आजी थांबल्या, स्वतःच्या पिशवीतली पट्टी काढून बांधून दिली आणि म्हणाल्या, "चला माऊली, टाळाकडं ध्यान द्या, पायाकडं नको." आता घरी चालतानाही सोबतच्या एकीला हेडफोनवर अभंग लावून देते, एक तिच्या कानात, एक माझ्या.

पहिलाच प्रतिसाद
इथे कधी लिहिलं नाही. नोकरीसाठी हैदराबादला आलोय, मार्चपासून व्यायाम बंद आहे, ओळखीचं कुणी नाही. धागा वाचला आणि आत्ता 15 मिनिटं चालून आलो. कुणाला सांगायचं कळेना म्हणून इथे लिहितोय.

धागाकर्ती
15 मिनिटं, बघितली. उद्या सकाळी इथेच "झाले" लिहा. राहिले तरी या, मी "उद्या" लिहीन. मी सव्वासहाला उठते.

सात पंधराची फास्ट
आणि सव्वाआठला चालायचं असेल तर आमच्या फोनवर तिसरा चालेल. मेसेज करतो.