लिंबची बारामोटेची विहीर: तुमच्या गावच्या विहिरी-मोटांच्या आठवणी लिहा

कृष्णाकाठ:
भाच्याने सकाळी साताऱ्याजवळच्या लिंब गावच्या विहिरीचा फोटो पाठवला आणि आजोळ आठवलं. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसल्यांनी 1719 ते 1724 मध्ये बांधलेली ही विहीर. अष्टकोनी, साधारण 110 फूट खोल, वरून बघितली तर शिवलिंगासारखी. लोक आतला महाल बघायला जातात. देखणा आहेच, पण मला ओढ वाटते ती वरच्या मोटांच्या जागांची. मोट म्हणजे बैलांनी ओढून विहिरीतलं पाणी काढायची चामड्याची मोठी पिशवी. एका वेळी बारा मोटा, म्हणजे निदान चोवीस बैल! आमराईला पाणी जायचं. ज्या बाईने हे उभं केलं तिचं नाव आपल्याकडच्या पोरींना माहीत असायला हवं. मोट चालताना कुणी बघितलीय का? लिहा.

सातारकर_ताई:
आमच्या आजोबांची होती. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतारावरून, खाली निघाले की आजोबा नाड्यावर (मोटेच्या जाड दोरावर) बसायचे, तेवढाच जोर जास्त. मोट वर आली की सोंदुराच्या (बारीक दोराच्या) ओढीने मोटेची सोंड थारोळ्यात, म्हणजे पाणी पडायच्या कुंडीत, यायची आणि भसकन पाणी. मग बैल उलट्या पावली मागे. उन्हाळ्यात चामडं वाळून चिरायचं म्हणून मोटेला तेल पाजायचे, त्याचा उग्र वास अजून नाकात आहे. कुकर झाला, बाकीचं नंतर लिहिते.

माणदेशी:
आटपाडीकडे विहिरी होत्या, पाणी कुठलं? फाल्गुनातच तळ दिसायचा. आई कळशी घेऊन आत उतरायची, वाटीने झरा भरायची. आता टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलंय. पहिल्यांदा ओढ्याला पाणी बघितलं तेव्हा आई नुसती बघत उभी होती.

कृष्णाकाठ:
@माणदेशी वाचून गलबलून आलं. आईंना नमस्कार सांगा.

पलूसचा_भाऊ:
आमची मोट इंजिनानं बंद पाडली. किर्लोस्करवाडीचा पंपांचा कारखाना शेजारीच, पंप काय नवलाचा नव्हता. पण बैल विकले त्या दिवशी आजी जेवली नाही. हौश्या नाव एकाचं. हौश्याला गूळ लागायचा, गूळ दिल्याशिवाय जू मानेवर घ्यायचा नाही 😄

सातारकर_ताई:
हौश्या 😄 आमच्याकडे सर्जा होता. प्रत्येक गावात एक सर्जा असतोच.

वाईकर:
लिंबला गेलात तर पाण्यात बाटल्या टाकू नका, हात जोडून सांगतो. मागल्या खेपेला बघून जीव तुटला.

नवी_सून:
रविवारी मुलांना घेऊन जायचंय. महामार्गावरून कुठे वळायचं? पायऱ्या लहान मुलांना जमतील का?

वाईकर:
लिंब फाट्यावरून आत. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, मुलांचा हात सोडू नका. कृष्णेकाठचं कोटेश्वर पण करा, जवळच आहे.

नवी_सून:
धन्यवाद दादा. तिकडे जेवायची सोय आहे की डबा न्यावा?

सातारकर_ताई:
डबाच न्या गं. आणि येताना साताऱ्यातून कंदी पेढे.